आईवडील गेल्यावर त्यांची गोष्ट पडद्यावर आणणं : 'द फेबलमन्स' आणि संमतीचा प्रश्न

तिसरी घंटा :
दिग्दर्शकांनी स्वतःच्याच घरावर बेतलेले सिनेमे गेल्या काही वर्षांत ओळीने आले. 'रोमा' (२०१८), 'पेन अँड ग्लोरी' (२०१९), 'द फेबलमन्स' (२०२२). माझा आक्षेप शेवटच्यावर, स्टीव्हन स्पीलबर्गच्या सिनेमावर आहे. स्पीलबर्गची आई लिया २०१७ मध्ये गेली, वडील अर्नोल्ड २०२० मध्ये, वयाच्या १०३व्या वर्षी. त्यानंतर दोनच वर्षांत, आई वडिलांच्या मित्रात गुंतली होती ही गोष्ट जगभर पोचली. सिनेमात लियाचं नाव बदलून मिट्झी केलं म्हणून काय झालं? मिशेल विल्यम्सचे आखूड केस आणि पियानो पाहिल्यावर ती कोण हे वेगळं सांगावं लागत नाही. 'असं नव्हतं रे' म्हणू शकणारी दोन्ही माणसं नसताना हा सिनेमा आला, हे मला खटकतं.

एडिट टेबल :
मला हे पटत नाही. आपली गोष्ट कधी सांगणार, असं आईच विचारायची, हे स्पीलबर्गने जाहीरपणे सांगितलं आहे. पण ते बाजूला ठेवा आणि सिनेमाच बघा. सॅमी, म्हणजे सिनेमातला लहान स्पीलबर्ग, सहलीचं ८ मिमी फुटेज एडिटरवर, म्हणजे फिल्म बघून कापायच्या यंत्रावर फिरवतो. पुढे घरचे लोक मजेत आहेत, आणि मागे, चौकटीच्या कडेला, आई आणि वडिलांचा मित्र बेनी. तो रीळ मागे घेतो, पुन्हा पुढे नेतो. मग त्याच फुटेजच्या दोन फिल्म होतात. घरच्यांसाठी साफ केलेली एक, आणि वगळलेल्या तुकड्यांची दुसरी. ही दुसरी तो आईला कपड्यांच्या खोलीत बसवून एकटीला दाखवतो. म्हणजे कापलेले तुकडे त्याने टाकून दिले नाहीत, क्रमाने जोडले. मुलाचा हा निर्दयपणा दिग्दर्शकाने लपवलेला नाही. आईवडील घटस्फोटाचं सांगतात तेव्हाही सॅमीला आरशात काय दिसतं? तो स्वतः, कॅमेरा धरून, तोच प्रसंग टिपताना. आणखी किती कबुली हवी?

तिसरी घंटा :
आरशातला तो शॉट येतो आणि जातो, त्याची किंमत सॅमीला कुठेच मोजावी लागत नाही. आल्मोदोव्हारने काय केलं बघा. त्याच्या 'पेन अँड ग्लोरी'त म्हातारी आई नायकाला, दिग्दर्शक असलेल्या साल्वादोरला, तोंडावर सांगते की हे सिनेमात घालू नकोस, गावातल्या शेजारणींना आवडत नाही. आक्षेप घेण्याचा हक्क पटकथेनेच तिला दिला आहे. शेवटच्या शॉटमध्ये कॅमेरा मागे येतो, बूम (दांड्यावरचा माइक) धरलेली व्यक्ती दिसते आणि कळतं की आपण पाहिलेलं बालपण हे साल्वादोरच्या सिनेमाचं चित्रीकरण होतं. नायकाचं घर आल्मोदोव्हारच्या माद्रिदमधल्या घराची नक्कल आहे, भिंतीवर त्याचीच चित्रं. पण हेरॉइनचा भाग आपला नाही असं तो म्हणतो. सामान खरं, घटना रचलेल्या, आणि हे प्रेक्षकापासून लपवलेलं नाही.

एडिट टेबल :
ती युक्ती तिथे शोभते. 'फेबलमन्स'चं उत्तर कारागिरीत आहे. सॅमीने मित्रांना घेऊन केलेल्या वेस्टर्नमधला (काउबॉयपटातला) गोळीबार खोटा वाटतो. आईच्या बुटाच्या टाचेने स्वरलिपीच्या कागदाला पडलेलं भोक पाहून त्याला उपाय सुचतो : फिल्मलाच टाचणीने भोक पाडायचं. हे चालतं, कारण रिव्हर्सल फिल्ममध्ये कॅमेऱ्यातून गेलेली पट्टीच धुऊन प्रोजेक्टरवर चढते. भोकातून दिव्याचा उजेड थेट पडद्यावर येतो. सेकंदाला १८ चौकटींच्या वेगाने एका चौकटीतलं भोक म्हणजे १/१८ सेकंदाचा पांढरा लखलखाट. लागोपाठ चार-पाच चौकटींत पाडलं तर बंदुकीऐवजी दिवा पेटल्यासारखं दिसतं. ८ मिमीची चौकट पाच मिमीही रुंद नसते, त्यामुळे बंदुकीच्या नळीच्या टोकाशी नेम धरावा लागतो. पट्टी पुढे ओढणाऱ्या दात्यांसाठी कडेला असलेल्या भोकाजवळ टोचलं तर पट्टी प्रोजेक्टरमध्ये फाटण्याची भीती. मुलाची पहिली मोठी युक्ती आईच्या पियानोतून आली, हे ज्या सिनेमात इतक्या बारकाईने दाखवलंय, तो आईचं फक्त गुपित विकतो असं कसं म्हणता?

मॅटिनी :
तुम्ही दोघं गेलेल्यांबद्दल बोलताय. हयात माणसांचं काय? दिग्दर्शक क्वारोनने 'रोमा'साठी त्याला लहानपणी सांभाळणाऱ्या लिबोला तिच्या आठवणी खोदून खोदून विचारल्या आणि सिनेमा तिलाच अर्पण केला. त्यात मुलगा मध्यभागी नाही, कॅमेरा लांब राहून सावकाश फिरतो. तरीही लिबोवर बेतलेली क्लेओ फार कमी बोलते, मनातलं तर जवळजवळ नाहीच, या टीकेत मला तथ्य वाटतं. विचारून केलं म्हणजे पात्र पूर्ण उभं राहतं असं नाही.

घरावर पहिली पटकथा लिहिणाऱ्यांनी एवढं करावं : पटकथेचा दुसरा खर्डा झाला की संबंधित माणसाला वाचायला द्या. त्या टप्प्यावर प्रसंग बदलायला कागदच लागतो. एडिट लॉक झाल्यावर, म्हणजे संकलन पक्कं ठरल्यावर, दोनच मार्ग उरतात. पात्र पाठमोरं असेल तिथे डबिंगमध्ये वाक्य बदलायचं, नाहीतर अख्खा प्रसंग काढायचा, आणि तो काढला की पुढच्या दोन प्रसंगांचा आधार जातो.

अर्धं रीळ :
आपल्याकडचं उदाहरणही घ्या. दादासाहेब फाळक्यांवरचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) मला मनापासून आवडतो, पण फाळक्यांच्या संसाराचा ताण त्यात हसतखेळत निघून जातो. विमा पॉलिसी गहाण ठेवून माणूस १९१२ साली लंडनला जातो. कच्ची फिल्म कडेची भोकं न पाडलेली यायची, ती अंधारात पाडायचं काम सरस्वतीबाई करत, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. तिथे संमती विचारायला कुणीच नव्हतं, आणि दिग्दर्शक परका होता. परका माणूस भिडेखातर गोड करतो. घरच्या माणसाला निदान कुठे दुखतं ते माहीत असतं.

तिसरी घंटा :
टाचेचा मुद्दा मान्य, तो प्रसंग पुन्हा बघेन. वडिलांबाबत मात्र ठाम आहे. पॉल डॅनोने केलेला बर्ट, म्हणजे सॅमीचा बाप, समजूतदार आणि सोसणारा एवढाच राहतो, त्याचा राग कुठे गेला? २०२५ च्या 'सेंटिमेंटल व्हॅल्यू'त दिग्दर्शक बापाने मुलीला, आग्नेसला, लहानपणी आपल्या सिनेमात घेतलं होतं. आता तो तिच्या मुलाला घ्यायला निघतो तेव्हा ती चिडून आडवी येते. त्या सिनेमाच्या दिग्दर्शकाने, योआकिम ट्रिअरने, तो राग पूर्ण लिहिला आहे. तसा एक प्रसंग बर्टला मिळाला असता तर मी हा धागा काढलाच नसता.