जनरेटरची केबल : अडीचची की सहाची?

सचिव : सोसायटीच्या सर्व सभासदांना नमस्कार. पंपासाठी आणि जिन्यातील दिव्यांसाठी घेतलेल्या ५ केव्हीएच्या जनरेटरला दुकानदाराने अडीचची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) थ्री-कोअर, म्हणजे आत तीन तारा असलेली, केबल सुचवली आहे. पार्किंगमागच्या ओट्यापासून पंपरूमपर्यंतचे अंतर ४० मीटर भरते. कोणाची हरकत नसल्यास उद्या ऑर्डर देतो.

ए-४०३ : सचिवसाहेब, कृपया एक दिवस थांबावे. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल २० अँपिअरच्या आसपास प्रवाह पेलते हे दुकानदाराचे म्हणणे खरे असले, तरी त्यात अंतराचा हिशेब नाही. ५ केव्हीए म्हणजे ५००० व्होल्ट-अँपिअर; त्याला २३० व्होल्टने भागले की पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे २२ अँपिअर येतो, म्हणजे अडीचची केबल तिथेच काठावर येते. शिवाय गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, परत येत असल्याने आपले ४० मीटर प्रत्यक्षात ८० होतात आणि तेवढ्या तांब्याचा रोध साधारण ०.५५ ओहम भरतो. २० अँपिअरला ११ व्होल्ट वाटेतच जातात आणि २२० वॉट नुसती केबल तापवतात. सहाच्या केबलमध्ये हीच घट साडेचार व्होल्टच्या आसपास राहते.

मला खरी काळजी पंपाची वाटते. आपला एक एचपीचा पंप चालताना सहा-सात अँपिअर घेतो, पण सुरू होताना त्याच्या पाचपट तरी ओढतो. त्या क्षणी अडीचच्या केबलमध्ये १९ व्होल्टच्या आसपास घट होते आणि लहान जनरेटरचे व्होल्टेजही तेव्हाच खाली बसलेले असते. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे ती फिरण्याऐवजी नुसती गुणगुणत राहते आणि वाइंडिंग जळण्याची वेळ येते.

बी-१०२ : काका, गणपतीच्या मंडपाची दीडची वायर आपल्याकडे पडून आहे. ती दुहेरी जोडली तर खर्च वाचणार नाही का?

ए-४०३ : नको, ताई. ती वायर मी काल मुद्दाम रिळावरून उलगडून पाहिली. पिन टॉपची (प्लगची) एक पिन तपकिरी पडली आहे आणि आतल्या वेढ्यांचे आवरण एकमेकांना चिकटले आहे, कारण ती गुंडाळलेल्या अवस्थेतच वापरली गेली आणि उष्णतेला बाहेर पडायला जागा मिळाली नाही. ती टू-कोअर असल्याने तिच्यात अर्थिंगही नाही, आणि दुहेरी जोडल्यावर एक टोक जरी सैल झाले, तरी सगळा भार दुसऱ्या वायरवर येतो.

केबल सहाची घेतली म्हणून एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) मोठा लावू नये. जनरेटरच्या बाजूला सी प्रकारचा २० अँपिअरचाच असावा. १६ अँपिअरच्या पिन टॉपऐवजी ३२ अँपिअरचा इंडस्ट्रियल प्लग घ्यावा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवताना जनरेटरचे न्यूट्रल अर्थिंगला जोडलेले आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्यावे, कारण ते तरंगते राहिले तर शॉक लागूनही तो ट्रिप होणार नाही.

सी-२०१ : तोपर्यंत पंपरूममधल्या सॉकेटमधूनच जनरेटरची वीज आत दिली तर?

ए-४०३ : असे कृपया कोणीही, एक मिनिटासाठीही करू नये. ती वीज मीटरमधून उलटी ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाऊन ११,००० व्होल्ट होऊ शकते, आणि लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेला लाइनमन तिच्यावर हात ठेवतो. एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा चेंजओव्हर स्विच बसल्याशिवाय जनरेटर जोडायचाच नाही.

सचिव : अडीचची ऑर्डर थांबवली आहे. सहाची थ्री-कोअर केबल, मध्ये जोड नसलेला सलग तुकडा, आणि चेंजओव्हर यांचा एकत्रित भाव परवानाधारक वायरमनकडून उद्या मागवतो.