गट लहान, पण सांधे उघडे

तीन-चार जणांचे गट ठेवले की भूमिगत चळवळ सुरक्षित, असं म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. पकडलेला माणूस फार नावं सांगू शकत नाही हे खरं, पण घात होतो तो बहुतेकदा गटांना जोडणाऱ्या दुव्यावर. दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४२ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समधल्या हेगमध्ये ब्रिटिशांचा डच बिनतारी संदेशक लॉवर्स जर्मनांच्या हाती लागला. जर्मनांच्या धाकाखाली लंडनला संदेश पाठवताना त्याने ओळख पटवणारी ठरलेली चूक मुद्दाम गाळली; ती नसली की संदेशक पकडला गेलाय, असा संकेत होता. लंडनने त्याकडे काणाडोळा केला! (शत्रूपेक्षा आपलंच कार्यालय महागात पडतं ते असं.) पुढे वर्षभराहून अधिक काळ पॅराशूटने येणारे हेर एकामागून एक थेट जर्मनांच्याच माणसांत उतरत राहिले.