पम्पकिन स्पाइसचे एस्प्रेसो मार्टिनी: फेस बसतो, तळाशी बुळबुळीत गाळ

पानगळ_ओहायो

इथे अमेरिकेत ऑक्टोबर लागला की दुकानभर पम्पकिन स्पाइस, म्हणजे भोपळ्याच्या पायमध्ये घालतात तो दालचिनी-आलं-जायफळ-लवंगेचा मसाला. तो मसाला घालून एस्प्रेसो मार्टिनी (वोडका आणि कडक एस्प्रेसो कॉफीचं गार, फेसाळ कॉकटेल) करतेय. प्रमाण असं: वोडका ६० मिली, कॉफी लिकर ३०, सकाळी काढून फ्रिजमध्ये ठेवलेला एस्प्रेसो ३०, साखरेचा पाक १५ आणि तयार मसाल्याची पूड अर्धा छोटा चमचा. सगळं बर्फाबरोबर शेकरमध्ये.

तीन अडचणी आहेत. फेस मिनिटभरात बसतो. शेवटचा घोट शेंबडासारखा लागतो. आणि चवीला फक्त लवंग, कॉफी कुठेच नाही. शनिवारी आठ जण जेवायला आहेत. काय बदलू?

गाळणी

पूड शेकरमध्ये घालायचीच नाही. तुमच्या तीनही तक्रारींत तिचा हात आहे.

दालचिनीची पूड पाण्यात विरघळत नाही, फुगते. अमेरिकेत सुपरमार्केटात मिळते ती बहुतेक कॅशिया, म्हणजे जाड सालीची दालचिनी. तिच्यात चिकट द्रव्य भरपूर असतं, तोच तुमचा शेवटचा घोट. जायफळ-लवंगेच्या पुडीतलं तेल फेसाचे बुडबुडे फोडतं. आणि पुडीतली लवंग क्षणात उतरते, बाकीच्यांना बोलू देत नाही.

मसाला अख्खा घ्या आणि पाकात उतरवा. डेमेरारा किंवा ब्राउन शुगर २०० ग्रॅम, पाणी २०० मिली, बोटभर लांबीचे दालचिनीचे ३ तुकडे, ऑलस्पाइसचे ६ दाणे, आल्याच्या चकत्या १५ ग्रॅम. झाकण ठेवून मंद आचेवर १० मिनिटं. गॅस बंद केल्यावर लवंगा टाका, फक्त ३, आणि १० मिनिटांनी वेचून काढा. बाकीचं आणखी २० मिनिटं मुरू द्या, मग फडक्यातून गाळा. पिळू नका, पिळलं की गढूळ होतं. साधारण ३०० मिली होतो, फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतो.

पाक एकतारी करायचा मोह टाळा. साखर विरघळली की पुरे. घट्ट पाक बर्फाला लागला की तळाशी गोळा होऊन बसतो, ढवळला जातच नाही.

जायफळ पाकात नको, उकळलं की वास उडून जातो. ग्लास भरल्यावर फेसावर किसणीचे दोन हात, बस.

एका ग्लासाला: वोडका ४५, कॉफी लिकर २०, मसाला पाक १०, ताजी कॉफी ३०. तुमच्या मापात गोड जास्त आहे. लिकर मुळातच गोड असतं, त्यावर १५ मिली पाक म्हणजे सरबत.

तिसरी_वाफ

फेसाबद्दल. एस्प्रेसोवरची क्रेमा म्हणजे मुख्यतः कार्बन डायऑक्साइडचे बारीक बुडबुडे. सकाळची कॉफी संध्याकाळी वापरली तर तो वायू केव्हाच गेलेला असतो. भाजून दोन-तीन महिने झालेल्या बियांचंही तेच.

क्रम असा ठेवा: शेकरमध्ये आधी गार वोडका, लिकर, पाक. त्यावर नुकताच काढलेला एस्प्रेसो. मग लगेच ८-१० मोठे, कोरडे बर्फाचे खडे आणि १५ सेकंद जीव तोडून हलवा. गार दारूत पडल्यामुळे कॉफीचा चटका मोडतो, बर्फ कमी वितळतो. ट्रेमधून काढून दहा मिनिटं बाहेर राहिलेला ओलसर बर्फ वापरलात तर पेय पाणचट होणार आणि फेसही विरळ.

हे पेय १९८० च्या दशकात लंडनमध्ये बारटेंडर डिक ब्रॅडसेल यांनी बनवलं, तेव्हापासून त्याची निम्मी शान त्या फेसात आहे. त्यामुळे हात आखडू नका.

जायपत्री

गाळणी यांच्याशी जवळजवळ सहमत. दोन मुद्दे.

ऑलस्पाइस म्हणजे मसाल्यांचं मिश्रण नव्हे. नावामुळे आपल्याकडे कुणी कुणी त्याजागी गरम मसाला घालतात आणि मार्टिनीत जिरं-धणे येतात. ते एकाच झाडाचे वाळलेले दाणे आहेत, जमैकातले प्रसिद्ध. नाही मिळाले तर एक लवंग आणि दालचिनीचा एक तुकडा वाढवा, काम भागतं.

दुसरं, वोडकाला स्वतःची चव नाही. या मसाल्यांना डार्क रम जास्त शोभते. ३० रम, १५ वोडका करून बघा. पूर्ण रम नको, कॉफी झाकली जाते. शेकरमध्ये मिठाचे दोन-तीन कण टाकले तर कडवटपणाही नरमतो.

पानगळ_ओहायो

पूड बंद! पण एस्प्रेसो मशीन मैत्रिणीचं आहे, शनिवारी नसेल. घरी मोका पॉट (गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं) आणि इन्स्टंट कॉफी. आणि कुणी गरम मागितलं तर?

तिसरी_वाफ

ऐकायला विचित्र वाटेल, पण फेसासाठी मोकापेक्षा इन्स्टंट बरी. मोकात दाब एस्प्रेसोच्या मानाने फारच कमी, त्यामुळे क्रेमा जवळजवळ नाहीच, वर तेल उतरतं. इन्स्टंटमध्ये तेल अगदी कमी, म्हणून ती फेसाळते. ग्रीक फ्राप्पे, म्हणजे तिथली गार फेसाळ कॉफी, त्याच्याच जिवावर उभी आहे. ३० मिली गरम पाण्यात ४ ग्रॅम, म्हणजे दोन छोटे चमचे. लेबलवर चिकोरी आहे का बघा, असेल तर चव जळक्या गुळाकडे झुकते.

चवीला मात्र मोकाच सरस. मोका वापरलात तर फसफस सुरू होताच आचेवरून उतरवा, नंतर येतं ते कडू पाणी. प्रत्येक ग्लासाला काबुली चण्याच्या डब्यातलं बिनमिठाचं पाणी १५ मिली घाला, आधी बर्फाशिवाय १० सेकंद हलवा, मग बर्फ टाकून १५. फेस दाट येतो, चण्याचा वास लागत नाही.

शेकर नसेल म्हणून काचेच्या बरणीत गरम कॉफी घालून झाकण आवळू नका. आतली हवा तापून फुगते, झाकण उडतं आणि कॉफी छताला. बरणीच वापरायची तर कॉफी आधी कोमट होऊ द्या.

जायपत्री

गरम हवं असेल तर आयरिश कॉफीच्या वळणाने. कॉफीचा मग आधी गरम पाण्याने तापवून घ्या. व्हिस्की ४०, मसाला पाक २०, कडक काळी कॉफी १२०. वर ३५ टक्के फॅटचं क्रीम, ओतता येईल इतपतच फेटलेलं, चमच्याच्या पाठीवरून हळू सोडा. इथे पाक कमी करू नका. साखरेमुळे कॉफी जड होते, म्हणून क्रीम तरंगतं. बिनसाखरेच्या कॉफीत ते हमखास खाली जातं.

पाकातलं आलं उकळलेलं आहे, म्हणून क्रीम फुटत नाही. कच्चा आल्याचा रस घातलात तर आल्याच्या चहात दूध नासतं तसंच होईल. वर जायफळ. आपल्या घरांत कॉफीत जायफळ पिढ्यान् पिढ्या पडतंय, त्यासाठी पम्पकिन स्पाइसची वाट कुणी पाहिली नव्हती.

गाळणी

आठ जणांसाठी: वोडका ३६०, लिकर १६०, पाक ८०. एकूण ६०० मिली. बाटलीत भरून दोन तास फ्रीझरमध्ये, गोठत नाही. (जायपत्रींची रम हवी तर ३६० मधली २४० रम.) माणशी ७५ मिली हे आणि ३० मिली ताजी कॉफी, एका वेळी दोनच ग्लास हलवा. शेकर गच्च भरला की आत हवा उरत नाही आणि फेस येत नाही. ओतताना चहाची बारीक गाळणी धरा, बर्फाचे कण फेसाला भोकं पाडतात.

ग्लास किमान १८० मिलीचे काढा. बर्फाचं पाणी धरून पेयच १४० च्या आसपास जातं, वर फेस.