एडिटिंग म्हणजे संकलन की संपादन? आणि जंप कटला काय म्हणायचं?

गोदाकाठ:
नाशिकमधल्या कॉलेजच्या पोरांसाठी लघुपटाचं दोन दिवसांचं शिबिर आहे. त्यांना वाटायला चार पानी टिपण मराठीत करतोय. क्लोजअप, पॅन, टिल्ट हे कॅमेऱ्याचे शब्द तसेच ठेवले, वाद नको. अडलोय जंप कटवर. त्याच माणसाचा त्याच कोनातला शॉट, मधला काळ कापलेला, त्यामुळे माणूस टुणकन पुढे सरकल्यासारखा दिसतो, तो. 'उडता छेद' लिहिलं तर सहकारी म्हणाला, हे ऑपरेशन थिएटरातलं वाटतंय. एडिटिंगला मी 'संपादन' लिहिलं होतं, तेही त्याने खोडलं. सुचवा. उद्या संध्याकाळी मेनरोडवर छापायला द्यायचंय.

हेमाडपंती:
सहकाऱ्याचं बरोबर आहे. संपादन वर्तमानपत्राचं, चित्रपटाचं संकलन. हिंदीत सिनेमालाही संपादन म्हणतात, तिथून शिरलं असणार तुमच्याकडे.

तिरकस_रेघ:
पण संकलन म्हणजे गोळा करणं ना? माहितीचं संकलन, रक्तसंकलन. पोरं दहा तासांचं शूट करून आणतात, एडिटर त्यातलं पावणेदहा तास फेकून देतो. ह्यात गोळा काय झालं?

पाटीगणित:
भास्कराचार्यांच्या लीलावतीत बेरजेला संकलित म्हटलंय आणि वजाबाकीला व्यवकलित. त्या हिशेबाने एडिटर हा 'व्यवकलक'. श्रेयनामावलीत वाचायला मजा येईल.

रीळवाल्याचा_नातू:
माझे आजोबा इथल्याच एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. रीळ तुटलं की दोन्ही टोकं कात्रीने सरळ करायची, एका टोकावरचा मसाला, म्हणजे चित्राचा थर, ब्लेडने खरवडायचा, सिमेंट लावायचं आणि दाबून धरायचं. सिमेंट म्हणजे फिल्म चिकटवायचं द्रावण, वास थेट नेलपॉलिशचा. दर जोडाला दोन-चार फ्रेम जायच्या. 35 मिमीच्या एका फुटात 16 फ्रेम आणि सेकंदाला 24, म्हणजे फूटभर गेली की पाऊण सेकंदाला थोडा कमी असा तुकडा गायब. बसलेला हिरो एकदम उभा दिसायचा, पब्लिक शिट्ट्या मारायचं. आजोबा म्हणायचे, "चित्र उडालं." आणि स्वतःच्या कामाला ते 'जोड मारणं' म्हणत. कापणं हा शब्द त्यांच्या तोंडी मी ऐकला नाही.

तिरकस_रेघ:
मग मिळालं की! जंप कट म्हणजे 'चित्र उडणं'.

हेमाडपंती:
ती चूक होती. जंप कट दिग्दर्शक मुद्दाम घेतो. चूक आणि शैली, दोन्हींना एकच शब्द?

तिरकस_रेघ:
पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. फरक फक्त शिट्ट्यांचा.

अर्धवट_रशियन:
'जोड मारणं' फार आवडलं. फ्रेंचमध्ये एडिटिंगलाच मोंताज म्हणतात, म्हणजे जुळवणी. रशियन दिग्दर्शक कुलेशोवचा प्रयोग आठवा: नटाचा तोच कोरा चेहरा, पुढे कधी सूपची थाळी, कधी शवपेटी. बघणाऱ्यांना तोच चेहरा एकदा भुकेलेला वाटला, एकदा दुःखी. चेहऱ्यात नाही आणि थाळीतही नाही असं काहीतरी दोन्ही शेजारी ठेवल्यावर तयार झालं. ही बेरीजच. व्यवकलक बाद!

भगूरकर:
दिग्दर्शक, मध्यंतर, नेपथ्य हे शब्द आमच्या गावच्या सावरकरांनी दिले. फाळके 1870 साली त्र्यंबकेश्वरला जन्मले, 1944 साली नाशकातच गेले. अशा जिल्ह्यात बसून तुम्ही टिपणात 'क्लोजअप' छापणार? 'समीपदृश्य' लिहा.

पाटीगणित:
नेपथ्य नका हो त्यात घालू. शाकुंतलाच्या सुरुवातीलाच सूत्रधार नटीला म्हणतो, नेपथ्यविधान आटोपलं असेल तर इकडे ये. तिथे अर्थ सजण्याधजण्याचा. संस्कृतात पडद्यामागची जागाही नेपथ्यच. सेटला नेपथ्य म्हणायला लागलो ते आपण.

भगूरकर:
शब्द जुना असेल, पण नव्या अर्थाने रुळवला कोणी?

तिरकस_रेघ:
'समीपदृश्य घ्या' असं सेटवर ओरडून बघा, स्पॉटबॉय चहा घेऊन येईल. शिवाय सीनला आपण आधीच दृश्य म्हणतो. समीपदृश्य म्हणजे शेजारचा सीन झाला.

हेमाडपंती:
सीनला प्रसंग म्हणावं, दृश्य शॉटसाठी राखून ठेवावं. नाटकवाल्यांचा प्रवेश आहेच वेगळा. हे कधीच कोणी नीट लावलेलं नाही, म्हणून हा गोंधळ.

गोदाकाठ:
मंडळी, जंप कट?

भगूरकर:
आधी नेपथ्याचं मिटू द्या.

गोदाकाठ:
दिलं छापायला. एडिटिंगला संकलन केलं. जंप कट तसाच ठेवला, शेजारी कंसात 'चित्र उडणे'. प्रुफात 'जंप कप' आलं होतं, नशीब दिसलं.

रीळवाल्याचा_नातू:
'उडणे' नाही हो. आजोबा 'उडालं' म्हणायचे. उडून झाल्यावरच कळायचं ना.