हुकुमचंद मिलच्या आवारातील झाडांविषयी
इंदूर शहराबाहेरच्या रेवती रेंज भागात १४ जुलै २०२४ रोजी एका दिवसात बारा लाखांहून अधिक रोपे लावली गेली असल्याने शहरातील हुकुमचंद मिल या बंद कापडगिरणीतील झाडे नव्या बांधकामासाठी तोडली तरी भरपाई झालीच, असे मत मांडले जाते; ते मला पटत नाही. गिरणी १९९१ साली बंद पडल्यानंतर त्या आवारात आपसूक वाढलेले रान इंदूरच्या दाट वस्तीत आहे. तिथली सावली, पाणी मुरवणारी जमीन आणि पाखरांचा आसरा शहराबाहेरची रोपे गिरणीजवळच्या परदेशीपुरा वस्तीला कशी देणार? गिरणीच्या कामगारांची थकलेली देणी डिसेंबर २०२३ मध्ये मार्गी लागली, याचे समाधान आहेच. परंतु गिरणीच्या जागेवरील बांधकामाचा आराखडा मोठी झाडे जागेवर राखूनच व्हावा आणि तोडीच्या परवानगीपूर्वी प्रत्येक झाडाची नोंद रहिवाशांसमोर ठेवावी, असा आग्रह आपण धरलाच पाहिजे.