मदत हवी आहे : १०० मीटरच्या शर्यतीसाठी स्कूटरचा क्लच आणि मागच्या चाकाची पकड

सर्वांना नमस्कार. मी गोव्यातल्या डिचोलीचा असून, खासगी मैदानावर परवानगीने होणाऱ्या १०० मीटरच्या शर्यतीसाठी माझी १२५ सीसीची गिअरलेस स्कूटर तयार करीत आहे. स्नोमोबाइलमध्येही असाच बेल्ट आणि व्हेरिएटर (वेगानुसार गिअरचे प्रमाण आपोआप बदलणारी पुली) असल्यामुळे तिच्या क्लचविषयी वाचून मी सुरुवात केली. आमच्याकडे बर्फ फक्त मासळीच्या पेटीत दिसतो, ही गोष्ट वेगळी.

व्हेरिएटरमधले रोलर (पुलीला सरकवणारी छोटी वजने) हलके केले की इंजिन जास्त आरपीएमवर (मिनिटाला जास्त फेऱ्यांवर) राहते आणि क्लचच्या स्प्रिंगा कडक केल्या की क्लच उशिरा पकडतो, हे ध्यानात घेऊन मी १५ ग्रॅमचे सहाही रोलर काढून १२ ग्रॅमचे बसवले आणि क्लचच्या तिन्ही स्प्रिंगा बदलल्या. आता सुटताना जोर मिळतो, पण चिऱ्याच्या लाल मातीवर मागचे चाक जागच्या जागी फिरते आणि साधारण ६० मीटरनंतर इंजिन नुसते ओरडते, वेग वाढत नाही. परवा झाकण उघडले तेव्हा क्लच बेल (क्लच ज्याला आतून पकडतो ती धातूची वाटी) निळसर पडली होती आणि बेल्टच्या कडेला काळी भुकटी साचली होती.

मूळच्या स्प्रिंगा परत बसवून फक्त रोलर हलके ठेवावेत, की १२ आणि १४ ग्रॅमचे तीन-तीन रोलर एकाआड एक लावावेत? कॉन्ट्रा स्प्रिंग (मागची पुली दाबून बेल्ट आवळून धरणारी स्प्रिंग) कडक केल्यास बेल्टचे घसरणे थांबेल, की एवढ्या कमी अंतरात ती उलट वेगच खाईल? कोरड्या मातीवर मागच्या टायरमधील हवा कितपत उतरवणे सुरक्षित आहे, हेही अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.