व्यायल्यावर दुसऱ्या दिवशी म्हैस बसली ती उठलीच नाही. आता दुसरी महिन्याभरात व्यायची आहे

कुंभीकाठची सून

कोल्हापूरकडून येताना कळे गावाच्या अलीकडं आमचं गाव. मालक शिरोली एमआयडीसीत कामाला, गोठा मी आणि सासूबाई बघतो. चार म्हशी होत्या, आता तीन आहेत. मंगळवारी पहाटे चंद्री गेली. पंढरपुरी, चौथं वेत, शिंगं पार पाठीपर्यंत गेलेली.

काय झालं ते सगळं सांगते. रविवारी पहाटे व्याली, पारडी झाली. जार वेळेत पडली. सकाळी चिकाची पूर्ण धार काढली, सहा लिटर भरलं. गल्लीत खरवस वाटला. सोमवारी दुपारी वैरण टाकली तर नुसती हुंगून सोडली. मागचे पाय डळमळत होते. दिवस मावळताना बसली आणि मान पोटाकडं वळवून घेतली. कान हाताला गार लागले. शेजारच्या पोरानं थर्मामीटर लावला, 99 आला. ताप नाही म्हटल्यावर आमचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांना फोन केला, ते दुसऱ्या गावात अडलेल्या गाईकडं होते, सकाळी येतो म्हणाले. रात्री सासूबाईंनी गूळ-ओव्याचा काढा केला, आम्ही दोघींनी तोंड वर धरून नळ्यानं पाजला. पहाटे बघते तर आडवी पडलेली, पोट फुगलेलं. सहाच्या आत गेली.

आल्यावर डॉक्टर म्हणाले दुग्धज्वर. ज्वर म्हणजे ताप ना? मग तापच नव्हता ते कसं? आणि दुसरं, शेवटचा महिनाभर मी तिला रोज कॅल्शियमची बाटली पाजत होते, दुकानदारानं सांगितलं म्हणून. तरी कॅल्शियम कमी पडलं? गावात सगळे म्हणतात वाड्यानं, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्यानं झालं. कारखाना सुरू झाला की आमच्याकडं चार महिने वाडंच असतं वैरणीला, फुकटात मिळतं, सगळ्यांच्याच दावणीला तेच.

गौरी पुढच्या महिन्यात व्यायची आहे. तिचंही हे चौथंच वेत. मला रात्री झोप लागत नाही. कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा.

शिरोळचा दूधवाला

वहिनी, वाचून वाईट वाटलं. घरचं जनावर जाणं म्हणजे काय ते ज्याचं गेलंय त्यालाच कळतं.

वाड्याचं गाववाले म्हणतात त्यात तथ्य आहे. आम्ही वाडं कधीच तसंच टाकत नाही. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, गाळ खाली बसला की वरची निवळी कुट्टीवर शिंपडायची आणि मग घालायची. वडिलांपासूनची रीत आहे. एक वर्ष आळस केला तर दोन म्हशी माजावर आल्या पण गाभ धरेनात. तुम्ही गौरीला आजपासूनच निवळी सुरू करा.

निवृत्त पशुवैद्य, करवीर

ताई, राधानगरी, शाहूवाडी आणि करवीर मिळून 31 वर्षं मी सरकारी दवाखान्यांत काढली. तुम्ही लिहिलंय त्यातलं एकेक लक्षण दुग्धज्वराचंच आहे. आधी नावाचा घोळ सोडवतो, कारण या नावानं माझ्या डोळ्यांदेखत कित्येक जनावरं दगावलीत.

या आजारात ताप नसतो. उलट अंग गार पडतं. म्हशीचं तापमान साधारण 101 असतं, म्हणजे तुमचा 99 हीच धोक्याची खूण होती. इंग्रजी नावातच (मिल्क फीव्हर) ताप होता, तो आपण जसाच्या तसा मराठीत घेतला आणि माणसं थर्मामीटर बघून निर्धास्त होऊ लागली. व्यायल्यापासून तीन दिवसांच्या आत म्हैस बसली आणि कान गार लागले, तर रात्र असो की पाऊस, त्याच तासाला हालचाल करायची.

आता तुमचा खरा प्रश्न, बाटली पाजूनही कॅल्शियम कमी कसं पडलं. मोठ्या जनावराच्या अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून कॅल्शियम असतं जेमतेम 3 ग्रॅम. एक लिटर चिकात 2 ग्रॅमच्या वर जातं. तुम्ही सहा लिटर काढलं, म्हणजे रक्तात होतं त्याच्या चौपट कॅल्शियम एका सकाळी बादलीत आलं. ते भरून काढायला हाडांत साठा भरपूर असतो, पण तो सोडवायचं काम मानेतल्या बारीक ग्रंथी करतात. आपण महिनाभर बाटल्या पाजल्या की या ग्रंथी सुस्तावतात. वरून आयतं येतंय तर हाडातून काढायचं कशाला! ऐन व्यायल्यावर गरज एकदम वाढते, आणि त्यांना जागं व्हायला दोन-तीन दिवस लागतात. म्हैस बसते ती याच दोन-तीन दिवसांत. बोडा आणि कोल या दोघांनी 1954 साली दाखवून दिलं की व्यायच्या आधी कॅल्शियम कमी दिलेल्या गाईंना हा आजार कमी होतो. त्याला सत्तर वर्षं झाली, तरी आपल्याकडं शेवटच्या महिन्यात बाटली विकली जाते. तुम्ही प्रेमानं पाजली, यात तुमचा दोष नाही.

वाड्याचं दोन बाजूंनी बघा. एक, त्यात ऑक्झॅलेट असतं. ते पोटात कॅल्शियमला घट्ट धरतं आणि शेणावाटे बाहेर नेतं. रोज थोडं थोडं वाढवत गेलं तर पोटातले जंतू ते पचवायला शिकतात, पण चार महिने नुसतं वाडंच घातलं तर हाडांतला साठा आटत जातो. फॉस्फरसही वाड्यात कमी. व्यायल्यावर काही म्हशींना कॉफीसारखी लाल लघवी होते ती त्यामुळंच. दुसरी बाजू लोकांना माहीत नसते. उसाच्या पाल्यात पालाश म्हणजे पोटॅशियम भरपूर. पालाशानं रक्त अल्कधर्मी होतं आणि मग मानेतल्या ग्रंथींची हाक हाडांना नीट ऐकू जात नाही.

म्हणून शिरोळच्या दादांची निवळी दुभत्या म्हशीला योग्य, पण गौरीला आत्ता नको. शेवटचे तीन आठवडे निवळी बंद, बाटली बंद, वाडं बंद. शाळूचा कडबा किंवा डोंगरातलं वाळलेलं गवत घाला, सोबत तुमचं नेहमीचं पशुखाद्य. रक्त किंचित आम्लधर्मी करणारे क्षार मिळतात, ते तुमच्या डॉक्टरांना विचारून, लघवीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता) तपासूनच. व्यायल्याच्या दिवसापासून मात्र कॅल्शियम आणि निवळी सुरू करा.

काढ्याबद्दल लिहावं की नाही, बराच वेळ विचार केला. पण गौरीसाठी लिहितो. बसलेल्या म्हशीची गिळायची ताकद गेलेली असते. तोंड वर करून पाजलेलं फुप्फुसात उतरतं. काहीही पाजू नका. पिंजराची पोती दोन्ही बाजूंनी लावून तिला छातीवर बसती ठेवा. आडवी झाली की गॅस बाहेर पडत नाही आणि पोट फुगतं. कॅल्शियमची शिरेतली सलाईन डॉक्टरांनीच द्यायची, तीही सावकाश, छातीवर कान ठेवून. भराभर सोडली तर हृदय थांबतं. डॉक्टर लांब असतील तर 1962 लावा, फिरतं पथक येतं.

गंगावेशीतला

डॉक्टरसाहेब, लहानपणी आजोबांकडून ऐकलं होतं की बसलेल्या म्हशीच्या कासेत पंपानं हवा भरायचे आणि ती उठायची. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर आमच्या म्हशी उभ्या असायच्या, गिऱ्हाईक आलं की तिथंच धार काढायची, त्यामुळं म्हशीच्या गोष्टी घरात खूप. हे खरं आहे का?

निवृत्त पशुवैद्य, करवीर

खरं आहे. डेन्मार्कमधल्या श्मिट नावाच्या पशुवैद्यानं 1897 साली कासेत पोटॅशियम आयोडाइड सोडायला सुरुवात केली. त्याला वाटायचं की आजाराचं विष कासेत तयार होतं. पुढं कळलं की औषधाशिवाय नुसती हवा भरली तरी जनावर उठतं. कास ताठ झाली की दूध तयार होणं थांबतं आणि रक्तातलं कॅल्शियम रक्तातच राहतं. कॅल्शियमचं कोडं 1925 च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये सुटलं, म्हणजे कारण कळायच्या पंचवीसेक वर्षं आधी इलाज सापडला होता. माझ्या पहिल्या दवाखान्यातले ड्रेसर तसा पंप वापरायचे. आता करू नका, कासेत जंतू जाऊन दगडी (कास सुजून कडक होण्याचा आजार) होते.

ताई, यातूनच गौरीसाठी एक गोष्ट घ्या. पहिले दोन दिवस कास रिकामी करू नका. रेडकाला पोटभर पाजा, थोडी धार काढा, बाकी राहू दे.

कुंभीकाठची सून

काका, काढ्याचं वाचलं आणि मोबाइल बाजूला ठेवला. सासूबाईंना अजून सांगितलं नाही, सांगणारही नाही. वाडं आजच बंद केलं. दिरांनी पन्हाळ्याच्या बाजूनं वाळलेल्या गवताचे भारे आणले. दुकानदाराला बाटली परत केली.

कुंभीकाठची सून (पाच आठवड्यांनी)

गौरी गुरुवारी रात्री व्याली. रेडा झाला. सकाळी दीड लिटरच काढलं. सासूबाई म्हणाल्या, कास तटतटलीय, मोकळी कर. मी नाही केली. खरवसाला कुणाला पुरलं नाही, गल्लीतल्या बायका जरा रुसल्या.

शुक्रवारी रात्री दहाला कान गार लागले. ती उभीच होती, खातही होती, पण मागचा पाय ओढत होती. वाट बघितली नाही. आमच्या डॉक्टरांना फोन केला, या वेळी ते अर्ध्या तासात आले. मालकांनी टॉर्च धरला, सासूबाई गळ्याला हात लावून उभ्या होत्या. सलाईनची बाटली संपत आली तशी गौरीनं मोठी ढेकर दिली, शेण टाकलं, आणि नाकावर घामाचे थेंब आले. डॉक्टर म्हणाले हीच खूण. कान गरम व्हायला तास लागला. मी रात्रभर दर तासाला उठून बघत होते.

आज तिसरा दिवस. उद्यापासून पूर्ण धार काढायची की अजून थांबायचं? आणि चंद्रीच्या पारडीला गौरीचा चिक पाजला तर चालेल का? ती बाहेरच्या दुधावर आहे, वाळत चाललीय.

निवृत्त पशुवैद्य, करवीर

उद्यापासून हळूहळू वाढवत पूर्ण धारेवर या. चिक संरक्षण देतो तो जन्मल्याच्या पहिल्या दिवसातच, आता पारडीच्या आतड्यातून ते रक्तात जाणार नाही. पण अन्न म्हणून जरूर पाजा, थोडं थोडं, कोमट. आणि तिचं शेण पातळ आहे का ते लिहा.